मालमोटार अत्यावश्यक; मग चालक कोण?

गेल्या पंधरवड्यात या स्तंभाच्या एका जुन्या वाचकांनी मला रस्त्यात गाठून विचारले, "डॉक्टर, कोरोना गेला, तोंडावरचे मास्क गेले, आता पुन्हा साथीवर कशाला लिहिता? गुडघेदुखीवर लिहा." त्यांचे म्हणणे रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी या साथीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, त्यालाही आता काळ लोटला. परंतु हिशेब साथ चालू असताना होत नसतो, तो ती ओसरल्यावरच करायचा असतो. त्या हिशेबात डॉक्टर, परिचारिका, पोलीस, सफाई कामगार यांची नावे आपण घेतो, आणि ती घेतलीच पाहिजेत. एक नाव मात्र हमखास राहून जाते. ते मालमोटारचालकाचे.

आपला धुळे जिल्हा मोटारींच्या वाटेवरचा. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा आणि सुरतेहून नागपूरकडे जाणारा असे दोन्ही महामार्ग येथे एकमेकांना छेदतात. सरकारने महामार्गांचे क्रमांक बदलले तरी आपण अजून 'आग्रा रोड'च म्हणतो. ज्यांचे घर या रस्त्याच्या कडेला आहे त्यांना रात्री गाड्यांच्या आवाजाशिवाय झोप येत नाही असे विनोदाने म्हणतात. २२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूनंतर तो आवाज थांबला, आणि २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. 'अत्यावश्यक वस्तूंची वाहतूक चालू राहील' असे आदेशात होते. मात्र अत्यावश्यक म्हणजे काय, हे नाक्यावरच्या शिपायाने ठरवायचे होते. औषधाची गाडी चालेल, पण औषधाच्या बाटलीचे पुठ्ठ्याचे खोके नेणारी चालेल का? भरलेली गाडी जाईल, पण माल उतरवून मोकळी परतणारी? अशा प्रश्नांत गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. अखेर २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाने सर्वच मालाच्या वाहतुकीस मुभा असल्याचा खुलासा केला. तरीही पास मागणे थांबेना, म्हणून ३० एप्रिलला 'मालमोटारींना राज्याच्या सीमेवर वेगळा पास लागत नाही' असे पुन्हा लिहून कळवावे लागले. एकच गोष्ट महिनाभर सांगावी लागली.

या दिरंगाईचे आर्थिक परिणाम पुष्कळांनी लिहिले आहेत. जळगावकडची केळी उत्तरेकडे जाणार कशी, नाशिक-सांगलीची द्राक्षे ऐन हंगामात कोठे न्यायची, हे प्रश्न खरेच होते. न्हावा-शेवा बंदरात जहाजे येत होती, पण कंटेनर बाहेर काढायला चालक नव्हते, कारण ते उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानात आपापल्या गावी निघून गेले होते. हे सारे मी येथे लांबवत नाही. मला बोलायचे आहे ते माणसाच्या शरीराबद्दल, कारण ते माझे काम आहे.

गाडीला डिझेल लागते, तसे चालकाला अन्न, पाणी, शौचाची जागा आणि झोप लागते. डिझेलचे पंप एक दिवसही बंद नव्हते. ढाबे मात्र बंद होते. ढाबे आणि गाडी दुरुस्तीची दुकाने यांना मुभा देणारे कलम केंद्राच्या १५ एप्रिलच्या आदेशात ठळकपणे आले आणि त्याचा अंमल २० एप्रिलपासून झाला. म्हणजे गाडी पहिल्या दिवसापासून अत्यावश्यक, पण तिच्या चालकाची भाकरी अत्यावश्यक ठरायला जवळजवळ चार आठवडे लागले. मधल्या काळात टोल मात्र माफ झाला होता! टोल मालकाचा वाचला. भूक चालकाची होती.

त्या दिवसांत आपल्या भागातील अनेक गावकऱ्यांनी, गुरुद्वारांनी, तरुण मंडळांनी रस्त्यावर खिचडीची पातेली मांडली. त्यांच्याविषयी आदरच आहे. परंतु खिचडी वाटणाऱ्या गावाच्याच वेशीवर काटेरी झुडपे टाकून 'बाहेरच्यांना बंदी'चा फलक लावलेला असे, हेही विसरता येत नाही. गाडीचा क्रमांक परराज्यातला दिसला, किंवा गाडी मालेगावकडून आलेली कळली (तेथे तेव्हा रुग्ण झपाट्याने वाढत होते), की हातपंपावर पाणी भरू देत नसत. शौचालयाचे तर बोलायलाच नको. ढाबा बंद म्हणजे संडास बंद, आणि शेताच्या बांधावर गेले तर दगड. पोटात कळ दाबून दिवसभर स्टेअरिंगवर बसणे म्हणजे काय, हे ज्याला मूळव्याध आहे त्याला सांगावे लागत नाही. उन्हाळ्याचे दिवस, लघवीला थांबायला जागा नाही म्हणून पाणीच कमी प्यायचे, आणि मग मूत्रमार्गाची जळजळ व मूतखड्याच्या वेदना. असे चालक मी त्या एप्रिल-मे महिन्यांत पुष्कळ पाहिले. त्यांना कोरोना नव्हता, पण त्यांचा आजार साथीचाच होता.

दुसरी गोष्ट नेहमीच्या औषधांची. चालक हा पंचेचाळीशीपर्यंत बहुधा दोन दुखणी जमवतो. बैठे काम, वेळीअवेळी तेलकट जेवण, अपुरी झोप, तंबाखू आणि सततचा ताण यांतून रक्तदाब वाढतो, साखर वाढते. गोळ्या घरून महिन्याच्या आणलेल्या असतात. गाडी वीस दिवस एका जागी अडकली की त्या संपतात. राजस्थानातून संगमरवर घेऊन दक्षिणेकडे निघालेले एक चालक असेच माझ्याकडे आले होते. औषधाचे नाव विचारले तर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पांढरी, लहानशी, मधे रेघ असलेली." चिठ्ठी घरी, डॉक्टर घरी, आणि घर आठशे किलोमीटरवर. साखर तपासली ती चारशेच्या घरात. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांना हा विषाणू अधिक जड जातो, हे तेव्हा कळून चुकले होते. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त जपायला हवे होते, तोच सर्वांत जास्त उघड्यावर होता.

येथे एक सरकारी कागद वाचकांच्या नजरेस आणून द्यावासा वाटतो. मालवाहू वाहनाचा परवाना काढताना डॉक्टरांकडून फॉर्म १-अ भरून घ्यावा लागतो. मीही असे अनेक भरतो. त्यात दृष्टी, रंगांची ओळख, रातांधळेपणा, ऐकू येणे, हातापायांतील व्यंग आणि रक्तगट यांची विचारणा आहे. रक्तदाब आणि साखर यांसाठी रकाना नाही. चालक इतरांना धोकादायक ठरू नये, एवढीच त्या कागदाची चिंता. चालकाला स्वतःला काय धोका आहे, हे विचारायचे त्यात राहून गेले आहे. साथीतली आपली सारी वृत्ती मला या एका कागदात दिसते.

आता तिसरी गोष्ट, ती फवारणीची. नाक्यानाक्यावर गाड्यांच्या चाकांवर सोडियम हायपोक्लोराइटचे पाणी मारले जात होते. काही ठिकाणी चालक आणि क्लीनर यांनाही उभे करून न्हाऊ घातले गेले. १८ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने माणसांवर अशी फवारणी करू नये, त्याने डोळे, त्वचा व घसा यांना इजा होते, असे स्पष्ट बजावले. चाकांवरच्या फवाऱ्याचा तर काहीच उपयोग नव्हता. हा विषाणू टायरला चिकटून जिल्ह्यात शिरत नाही, तो माणसाच्या श्वासातून आणि बंद जागेतील हवेतून पसरतो. आणि बंद जागा कोणती? केबिन. आदेशाने एका गाडीत दोन चालक व एक क्लीनर यांना परवानगी होती. तिघांनी दोन मीटरचे अंतर ठेवायचे म्हटले तर एकाला ताडपत्रीवर बसावे लागेल. त्यांना सांगायला हवे होते ते असे: काचा उघड्या ठेवा, ज्याला ताप-खोकला आहे त्याला पुढे नेऊ नका, झोपताना एकाने खाली झोपा. हे सांगणे फुकट होते. पण फवारणी दिसते, सल्ला दिसत नाही.

(जाता जाता: १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन असले पाहिजे, असा नियम झाला आहे. खानदेशच्या उन्हात ही फार चांगली गोष्ट आहे. मात्र पुढची साथ श्वासावाटे पसरणारी असली, तर काच खाली करण्याचा जुना उपायच पुन्हा सांगावा लागेल.)

चालकांविषयीची भीती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. डॉक्टराने तसे म्हणू नये. मे २०२० मध्ये चेन्नईच्या कोयंबेडू या घाऊक भाजीबाजारात लागण पसरली आणि तेथे माल घेऊन गेलेल्या चालकांमार्फत ती आजूबाजूच्या जिल्ह्यांत, केरळच्या वायनाडपर्यंत पोहोचली. बाजार आणि मालमोटार हे रोगाचे रस्ते आहेत, हे खरेच. प्रश्न एवढाच, की त्यावर करायचे काय? रस्ता अडवून माणूस थांबतो, रोग थांबत नाही. पूर्व आफ्रिकेत केनिया आणि युगांडाच्या सीमेवर मलाबा येथे चालकांना चाचणीचा निकाल येईपर्यंत थांबवून धरले, तेव्हा गाड्यांच्या मैलोन्‌मैल रांगा लागल्या. दिवसेंदिवस रस्त्यावर खोळंबलेली माणसे एकत्र शिजवणार, एकत्र खाणार. म्हणजे रोग शोधण्यासाठीच्या रांगेत रोगाला मोकळे रान. इंग्लंडसारख्या संपन्न देशाचीही तीच गत झाली. डिसेंबर २०२० मध्ये तेथे विषाणूचा नवा प्रकार सापडल्यावर फ्रान्सने दोन दिवस सीमा बंद केली, आणि हजारो चालक ऐन नाताळात केंट परगण्यात अडकून पडले. खाण्याची आणि स्वच्छतागृहांची तीच रड, आणि गरम जेवण घेऊन धावले ते तेथील शीख बांधव. लंगराची परंपरा आग्रा रोडवर कामास आली तशी डोव्हरच्या वाटेवरही आली.

मग दुसरा मार्ग काय? तो आपल्याच देशात, याच चालकांच्या बाबतीत, एकदा यशस्वी झालेला आहे. वयस्क वाचकांना १९९० नंतरची वर्षे आठवतील. भारतात एड्सचे विषाणू प्रथम १९८६ साली आढळले, १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली, आणि त्या काळात मालमोटारचालक म्हणजे एड्स असे समीकरणच लोकांच्या मनात बसले होते. चालकाला मुलगी देताना लोक विचार करीत. परंतु हळूहळू शहाणपण आले. चालक दवाखान्यात येत नाही, कारण दवाखाना सकाळी दहाला उघडतो आणि चालक तेव्हा दोनशे किलोमीटर पुढे गेलेला असतो. मग दवाखानाच चालकाकडे नेला पाहिजे. ट्रकतळांवर, गाड्या मुक्कामाला येतात त्या वेळी चालणारे दवाखाने निघाले. टीसीआय फाउंडेशनने चालवलेले 'खुशी' दवाखाने त्यांतलेच. तेथे उपदेश कमी आणि उपचार जास्त होता. गुप्तरोगाची लाज न देता तपासणी, निरोधची सोय, आणि एका गावी सुरू केलेला उपचार पुढच्या थांब्यावर चालू ठेवता येईल असे कार्ड. देशातील नव्या लागणी पुढे बऱ्याच घटल्या. त्याचे श्रेय अनेकांचे, पण रस्त्यावरच्या या कामाचाही त्यात वाटा आहे. कोरोना आला तेव्हा हा अनुभव आपल्या गाठीशी होता. आपण तो वापरला नाही. नाक्यावर पिचकाऱ्या उभ्या केल्या.

साथीची दुसरी लाट तर याहून बोलकी. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात ऑक्सिजनची टंचाई झाली. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांच्या आसपास ठेवावा लागतो. त्याचे टँकर वेगळे आणि चालकही शिकलेला लागतो. धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला नियमाप्रमाणे तीन दिवसांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले, ते भरून परतल्यावर तीन नागपूरला उतरवले आणि चार नाशिकला आणले. वृत्तपत्रांत रेल्वेगाडीची छायाचित्रे आली. पण रेल्वे रुग्णालयाच्या दारापर्यंत जात नाही. तेथवर टँकर नेणारा माणूसच. त्या दिवसांत रात्रंदिवस फेऱ्या करणारे चालक टाकी रिकामी होईस्तोवर रुग्णालयाच्या आवारातच पडून असत, म्हणजे रोगाच्या अगदी तोंडाशी.

ऑक्सिजनच्या टँकरला तेव्हा रुग्णवाहिकेचा मान मिळाला होता. त्याच्यासाठी रस्ता मोकळा, पुढे पोलिसांची गाडी. मात्र टँकर रुग्णवाहिका झाली तरी तिचा चालक आरोग्यसेवक झाला नाही. लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला आरोग्यसेवकांपासून सुरू झाले, २ फेब्रुवारीपासून पोलीस, पालिका आणि महसूल कर्मचाऱ्यांची पाळी आली. मालवाहू चालकांचा त्या यादीत समावेश नव्हता. त्यामुळे चाळीस वर्षांच्या टँकरचालकाला १ मेपर्यंत आपल्या वयोगटाची वाट पाहावी लागली. पुढेही सुरुवातीला मोबाईलवरून वेळ ठरवूनच जायचे होते. परवा आपण कोणत्या गावी असू हे ज्याला ठाऊक नाही, त्याने वेळ ठरवायची कोणत्या गावची? आरोग्यसेवकांना पन्नास लाखांचे विमा संरक्षण होते, तेही यांच्यापर्यंत आले नाही. दुसरी मात्रा देशात कोठेही घेता येत होती, एवढी एक गोष्ट त्यांच्या सोयीची झाली. ती मान्य केली पाहिजे.

यावर एका परिचित ट्रान्सपोर्टवाल्यांशी मी बोललो. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माझ्या दोन गाड्या. हप्ते ऑगस्ट २०२० पर्यंत पुढे ढकलता आले, पण व्याज थांबले नाही. जूनमध्ये डिझेल रोज चढत होते. चालकाला बसून पगार कुठून देऊ?" त्यांचेही खोटे नाही. या धंद्यात बहुतेक मालक असेच लहान आहेत. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात आठ तासांचा दिवस, मध्ये विश्रांती, विश्रांतिगृह, औषधपेटी असे सगळे लिहिलेले होते. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होता. साथ ऐन भरात असताना, २०२० मध्येच, संसदेने संमत केलेल्या कामगार संहितेत तो कायदा विलीन झाला. दोन गाड्यांच्या मालकाचा चालक तेव्हाही कोणाचाच नव्हता.

आपल्या राज्याला याचे उत्तर अपरिचित नाही. गाडीत पोती चढवणाऱ्या माथाडीसाठी महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला, मंडळे स्थापली. माथाडीचा मालक रोज बदलतो, म्हणून भविष्यनिर्वाह निधी व औषधोपचार यांची जबाबदारी मंडळाने घेतली. पोते उचलणाऱ्याला मंडळ आहे, तेच पोते हजार किलोमीटर नेणाऱ्याला नाही, हे चमत्कारिक वाटते. रिक्षा-टॅक्सी चालकांसाठीही अलीकडे राज्यात कल्याणकारी मंडळ निघाले. मालमोटारचालकांची आठवण समाजाला होते ती वेगळ्याच वेळी. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत अपघाताच्या नव्या कायद्याविरुद्ध त्यांनी गाड्या उभ्या केल्या आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तशा वेळी.

मंडळ होईल तेव्हा होवो. जिल्ह्यापुरते काही करता येण्यासारखे आहे. साथ येईल त्या दिवशीच्या पहिल्याच आदेशात गाडीबरोबर ढाबा, शौचालय, पंक्चरचे दुकान आणि औषधाचे दुकान यांची नावे असावीत, आणि महामार्गावरील कोणत्या सरकारी दवाखान्यात परगावच्या चालकासाठी खाटा राखल्या आहेत हे हिंदीतही लिहून लावावे. ही यादी आज, शांततेच्या काळात, जिल्हाधिकारी कार्यालय, परिवहन खाते आणि आरोग्य खाते यांनी एकत्र बसून करायची आहे. चालक हा लसीकरणाच्या पहिल्या यादीत असला पाहिजे, हेही राज्याकडे आताच लिहून ठेवता येते. एरवीच्या दिवसांत बाजार समितीच्या आवारात, काट्यावर गाडी वजनाला लागते तेथे, संध्याकाळी दोन तास रक्तदाबाचे यंत्र आणि साखर तपासण्याच्या पट्ट्या घेऊन एक परिचारिका बसली तरी पुष्कळ काम होईल. रांगेत चालक अर्धा-पाऊण तास रिकामाच असतो.

आणि जे चालक, मालक अगर त्यांच्या घरची मंडळी हा स्तंभ वाचतात, त्यांच्यासाठी: घरून निघताना नेहमीच्या गोळ्या फेरीला लागतील त्यापेक्षा पंधरा दिवसांच्या जास्त घ्या. औषधाचे नाव, मात्रा, रक्तगट आणि घरचा दूरध्वनी एका कार्डावर लिहून घ्या. मोबाईलमध्ये फोटो असला तरी कार्ड हवेच, कारण बेशुद्ध माणसाचा मोबाईल उघडत नाही. अशी कोरी कार्डे मी छापून घेतली आहेत आणि दवाखान्यात ठेवली आहेत. ती लायसन्सच्याच आकाराची आहेत, त्याच पाकिटात बसतात.